गांजापंडित व्हा, घरबसल्या!

लागणारं साहित्य: खणखणीत आवाज, ऐकायला तीन-चार माणसं, आणि त्यांतला निदान एक असा, की ज्याला विषयातलं काही कळत नाही पण तसं कबूल करायची लाज वाटते. झाड लागत नाही. बी लागत नाही. चिलीम तर मुळीच नको, ती हातात आली की वक्त्याचा मुद्दा हरवतो. रोप कसं लावावं, काय ओढावं, किती ओढावं यातलं अवाक्षरही इथे मिळणार नाही. ज्यांना तेच हवं असेल त्यांनी १९८५च्या एनडीपीएस कायद्याचं २०वं कलम वाचावं. लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. वाचायला लागणारा निवांतपणा ते कलम स्वतःच मिळवून देतं.

आपल्याला कमवायचं आहे ते निव्वळ पांडित्य, आणि तेही उष्ण कटिबंधातल्या जुन्या, ‘अस्सल’ म्हणवल्या जाणाऱ्या वाणांचं आणि त्यांच्या परदेशी नातवंडांचं. नाशिकमुळे वाइनचं पांडित्य स्वस्त झालंय. कॉफीचं तर आता गल्लीबोळात मिळतं. गांजाच्या कुळकथेला मात्र अजून भाव आहे. ॲमस्टरडॅमहून सुट्टीवर आलेला मामेभाऊ, हणजूणच्या शॅकमधला गोंदवलेला गृहस्थ, कोथरूडच्या गच्चीवरचा स्टार्टअपवाला, तिघंही एकाच सुरात बोलतात. तो सूर पकडला की काम झालं.

पाठ करायचे शब्द

शब्द दोनच आहेत, सॅटिव्हा आणि इंडिका. उंच, सडपातळ, अरुंद पात्यांच्या पानांची, उष्ण देशातली आणि डोकं तरतरीत ठेवणारी ती सॅटिव्हा. बुटकी, रुंद पानांची, अफगाण डोंगरातली आणि माणसाला सोफ्याला खिळवणारी ती इंडिका. एवढं सांगून थांबायचं आणि समोरच्याकडे जरा कीव केल्यासारखं बघायचं. निम्मं पांडित्य इथेच पदरात पडतं.

आता खरं काय ते सांगतो, पण ते बैठकीत बोलू नका. लिनियसने १७५३ साली ‘कॅनाबिस सॅटिव्हा’ हे नाव नोंदवलं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर होती युरोपात दोरखंडासाठी आणि कापडासाठी पिकणारी झाडं. पुढे १७८५मध्ये फ्रान्सच्या लामार्कने भारतातून आलेले नमुने पाहिले. ते त्याला वेगळे वाटले आणि त्यांना त्याने ‘कॅनाबिस इंडिका’ म्हटलं. ही भारतातली झाडं अरुंद पानांची होती. म्हणजे केरळच्या ज्या झाडाला आपला मामेभाऊ छातीठोकपणे ‘शंभर टक्के सॅटिव्हा’ म्हणतो, ते वनस्पतिशास्त्राच्या बाप्तिस्म्यात इंडिका आहे. रुंद पानांच्या अफगाण झाडाला हे नाव चिकटलं ते फार उशिरा, गेल्या शतकाच्या सत्तरीत, अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ अफगाणिस्तानात जाऊन आल्यावर. अडीचशे वर्षांत दोन्ही पाट्या एकमेकींच्या दारावर लागल्या आणि घरमालकांना पत्ता नाही. हे सांगून वाद जिंकता येतो, पण पुढच्या बैठकीचं बोलावणं येत नाही.

तिसरा एक शब्द खिशात असू द्या, ‘लँडरेस’. एखाद्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या पेरलं गेलेलं, तिथल्या पावसाला आणि उन्हाला सरावलेलं, शेतकऱ्याने दरसाल आपल्याच पिकातून बी राखून टिकवलेलं वाण. आपल्याकडे ज्वारी-भाताच्या अशा वाणांना गावरान म्हणतात आणि भाव पाडून मागतात. लँडरेस म्हटलं की तेच युरोमध्ये विकलं जातं.

दिवस किती तासांचा?

हा धडा जरा नीट वाचा. संपूर्ण मार्गदर्शिकेत समजून घेण्यासारखं जे थोडं आहे त्यातलं बरंचसं इथे आहे.

गांजाचं झाड फुलायचं कधी हे रात्रीच्या लांबीवरून ठरवतं. तिरुवनंतपुरममध्ये वर्षातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत फरक पडतो जेमतेम तासाभराचा. विषुववृत्ताकडे सरकावं तसा तोही कमी होत जातो. अशा मुलखात झाडाला घाई करायचं कारण नाही. हिवाळा यायचा नाही, बर्फ पडायचं नाही. ते उंच वाढत राहतं आणि फुलायला लागल्यावरही महिनोन्‌महिने फुलत राहतं. कणसं विरळ, हवेशीर. दमट हवेत गच्च कणसाला बुरशी धरते, विरळ कणीस तग धरतं. पात्यांच्या अरुंदपणालाही उष्ण-दमट हवेशी जोडतात. जे रूप पाहून पंडित ‘नखरा’ म्हणतात ते पावसाळ्याने घडवलेलं आहे.

हेच झाड ॲमस्टरडॅमला न्या. तिथे जूनमधला दिवस पावणेसतरा तासांचा. झाड वाट बघत बसतं. रात्री पुरेशा लांबतात तोवर सप्टेंबर उलटायला येतो. मग ते आपल्या केरळी सवयीने निवांत फुलायला घेतं, आणि फुलं पिकायच्या आत पहिलं दहिवर गोठून झाडाचा खेळ आटोपतो. अफगाण झाडाला हा त्रास नाही. थंडीच्या आत उरकायचं हे त्याच्या रक्तात आहे. म्हणून कॅलिफोर्निया-हॉलंडच्या मंडळींनी दोघांचं लग्न लावलं. आज जे काही ‘ट्रॉपिकल सॅटिव्हा’ म्हणून काचेच्या बरणीत विकलं जातं त्यातलं बहुतेक या आंतरदेशीय विवाहाचं अपत्य आहे. नाव आईचं, उंची बापाची.

बैठकीत यातलं एकच वाक्य वापरायचं: “खरी सॅटिव्हा आता मिळतेच कुठे?” उत्तर कुणालाच माहीत नसल्यामुळे हे वाक्य कधीच फसत नाही.

नाव कसं ओळखावं, आणि कसं बनवावं

सूत्र सोपं आहे: एक ठिकाण, त्याला जोडून एक रंग. अकापुल्को गोल्ड. पनामा रेड. कोलंबियन गोल्ड. मलावी गोल्ड. इडुक्की गोल्ड. रंग सुचत नसेल तर दहशत चालते: डर्बन पॉयझन. गाव बहुधा बंदर असावं. अकापुल्को बंदर आहे, पीक मागच्या गेरेरोच्या डोंगरांतलं. डर्बन बंदर आहे. कोलंबियाचा माल सिएरा नेवादाच्या उतारांवरचा, पण नाव गाजलं सांता मार्टा बंदराचं. माल जिथून बोटीत चढला ते गाव अमर झालं. ज्याने पेरला त्याच्या पाड्याचं नाव कुणी विचारलं नाही. थायलंडच्या मालाला तर गावही मिळालं नाही. बांबूच्या काडीला कणसं बांधून विकत, म्हणून ती ‘थाय स्टिक’. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकन सैनिकांमुळे तिचं नाव पसरलं.

अकापुल्को आणि पनामाचं नाव घेताना ‘आदिम’, ‘मूळनिवासी’ असे शब्द सहज तोंडात येतात. जपून. कोलंबसाआधी अमेरिका खंडांत हे झाड नव्हतंच. मेक्सिकोत ते स्पॅनिशांच्या मागे गेलं आणि ब्राझीलमध्ये अंगोलाकडून पकडून नेलेल्या गुलामांबरोबर. आफ्रिकेतही ते पाहुणंच. आणि २०२१मध्ये ११० जनुकसंच ताडून झालेल्या एका अभ्यासाने तर झाडाचं पहिलं माणसाळणं पूर्व आशियात नेऊन ठेवलंय, म्हणजे केरळचाही दावा गेला. प्रत्येक ‘मूळ’ वाण कुठून तरी आलेलं आहे. शुद्धतेवर भाषण करण्याआधी एवढं लक्षात असलं तर आवाज आपोआप खाली येतो. नवशिक्याने अर्थात तो येऊ देऊ नये.

घरचा अभ्यास म्हणून एक नाव तुम्हीही बनवा. मी सुचवतो, ‘नगर गोल्ड’. हसू नका. ब्रिटिश आमदानीत मुंबई इलाख्यातली परवानाधारक गांजाची शेती होत असे ती मुख्यतः नगर आणि सातारा या जिल्ह्यांत. मध्य प्रांतातलं मोठं ठाणं खांडवा. दख्खनच्या माळावर उन्हाला सरावलेलं, पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं वाण होतं, सरकार त्यावर कर घेत होतं, तराजू होते, वखारी होत्या. नगर हिप्पींच्या वाटेवर नव्हतं. म्हणून आज ॲमस्टरडॅमच्या पाटीवर मलावी आहे आणि नगर नाही. मामेभावाला हे सांगितलंत तर तो म्हणेल, “इंटरेस्टिंग,” आणि लगेच मलावीकडे वळेल.

कुळ आणि गोत्र

ऋषीचं कुळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. यात ‘हेझ’चं नाव घालायला हवं. हे या क्षेत्रातलं सर्वांत मानाचं घराणं, त्यामुळे कथा पाठच हवी: सत्तरचं दशक, कॅलिफोर्नियातलं सांता क्रूझ, हेझ नावाने ओळखले जाणारे दोन भाऊ. कोलंबियाचं, मेक्सिकोचं, थायलंडचं आणि दक्षिण भारताचं बी एकत्र आलं आणि त्यातून हेझ जन्माला आली. काही जण थायलंड गाळतात. काही जण केरळ आधी घेतात. भाऊ होते की शेजारी, यावरही पाठभेद आहेत. बेकायदा धंद्यात जन्मदाखले कोण ठेवणार? पुढे हे बी हॉलंडला पोचलं, ऐंशीच्या दशकात तिथे बियाण्यांचे छापील कॅटलॉग निघाले, आणि कॅटलॉगमध्ये छापलं ते वेदवाक्य झालं. हेझला पिकायला तीन-तीन महिने आणि जास्तही लागायचे, म्हणून व्यापारी तिच्यावर नाराज आणि रसिक फिदा.

‘स्कंक नंबर वन’ची कथा त्या मानाने सुटसुटीत. कोलंबिया, अकापुल्को आणि अफगाणिस्तान, तीन गोत्रं. १९८८ साली ॲमस्टरडॅममध्ये पहिला कॅनाबिस कप भरला त्यात हीच पहिली आली. कथा सांगताना टक्केवारी जरूर द्या, “पंचाहत्तर टक्के सॅटिव्हा, पंचवीस इंडिका”. वधूवर सूचक मंडळात जसे छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले की कुणी पुढे काही विचारत नाही, तसंच इथेही आकडा ऐकला की माणसं गप्प बसतात.

पत्रिका तपासणाऱ्यांपासून मात्र दूर राहा. कॅनडातल्या संशोधकांनी २०१५मध्ये गांजाचे ८१ आणि हेम्पचे, म्हणजे दोरखंडासाठी पिकणाऱ्या झाडाचे, ४३ नमुने घेऊन त्यांची जनुकं ताडली. विक्रेत्यांनी सांगितलेलं सॅटिव्हा-इंडिकाचं प्रमाण आणि जनुकांचं म्हणणं यांचा मेळ अर्धामुर्धाच बसला. कळस म्हणजे ‘जमैकन लॅम्ब्ज ब्रेड’. हे जमैकाचं नामांकित वाण, कागदोपत्री शंभर टक्के सॅटिव्हा. त्याच्याशी जवळपास तंतोतंत जुळलेला नमुना निघाला शंभर टक्के इंडिका म्हणून नोंदलेला, तोही अफगाणिस्तानचा. ही बातमी येऊन दशक उलटलं. एकाही पाटीवरची टक्केवारी बदललेली माझ्या ऐकिवात नाही.

वासाबद्दल थोडक्यात. डोळे मिटून “आंबा... हापूस नाही, रायवळ” असं पुटपुटलात तरी चालतं. मिर्सीन नावाचं सुगंधी द्रव्य आंबा आणि गांजा दोन्हींत असतं, तेव्हा अगदीच खोटं नाही. २०२१च्या एका अभ्यासात तर हॉलंडमधल्या नमुन्यांवरची लेबलं घराण्याशी कमी आणि अशा मोजक्या सुगंधी द्रव्यांशी जास्त जुळली. म्हणजे लावणारे हुंगून लेबल लावतात. हुंगणारा तुमच्याइतकाच जाणकार असतो.

इतिहासाची फोडणी

बैठक गोव्यात असेल तर इथून सुरुवात करा. आपल्या संप्रदायाचा आद्य पुरुष गोव्याचाच. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात भांगेवर स्वतंत्र संवाद आहे. गुजरातच्या बहादूरशहाने एका पोर्तुगीज सरदाराला सांगितलेली गोष्ट त्यात येते: रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान फिरून यावंसं वाटलं की सुलतान थोडी भांग घ्यायचा. तिकीट नाही, बोट नाही. खुद्द ओर्ताची माहिती मात्र बरीचशी ऐकीव. त्याच्या नोकरांनी त्याच्या नकळत घेऊन पाहिली आणि सांगितलं की काम जड वाटत नाही, मन खूश राहतं आणि भूक लागते. मालकाने लिहून घेतलं, ग्रंथकार म्हणून नाव मालकाचं. घरबसल्या पांडित्याचा इतका स्वच्छ नमुना पुढे क्वचितच सापडतो.

दुसरा दाखला ‘हॉर्टस मलबारिकस’चा. मलबारचा डच गव्हर्नर व्हान रीडे याने तिथल्या वैद्यांच्या मदतीने केरळच्या वनस्पतींचे १२ खंड तयार केले; ते १६७८ ते १६९३ या काळात छापून निघाले. त्यात गांजाच्या झाडाची मोठी थोरली चित्रं आहेत, मल्याळी नावासकट. ग्रंथ छापला ॲमस्टरडॅमला. तीनशे वर्षांनी त्याच गावात केरळच्या रक्ताची हेझ तोळ्या-माशाच्या भावाने विकली जाऊ लागली, आणि विकत घेणाऱ्यांत आपले सुट्टीवर गेलेले लोक होते. गोव्यात परतल्यावर तेच लोक “केरळा आहे, साहेब” म्हणणाऱ्या पोराकडे संशयाने बघतात आणि “डच जेनेटिक्स” म्हणणाऱ्याला दुप्पट देतात.

जमैकाबद्दल एवढं पुरे: १८४५मध्ये ‘ब्लंडेल’ नावाचं जहाज हिंदुस्थानी गिरमिटियांना घेऊन तिथे लागलं. उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या या लोकांबरोबर गांजा आणि चिलीम हे दोन्ही शब्द बेटावर उतरले आणि राहिले. पुढे रस्ताफारींनी जमैकात या झाडाला धर्माचं स्थान दिलं, रेगेने ते जगाला ऐकवलं. गेल्या काही दशकांत तिथल्या शेतकऱ्यांनी उंच जुनं वाण सोडून बुटकं, लवकर उरकणारं संकरित बी धरलं. हेलिकॉप्टरला उंच झाड लांबून दिसतं. आणि गांजाचे परागकण वाऱ्यावर जातात, त्यामुळे शेजारच्या शेतातलं जुनं वाणही दोन-चार हंगामांत सोवळं राहत नाही. तेव्हा ‘ओरिजिनल जमैकन’ म्हणून जे मिळतं त्याचे आजोबा जमैकन असतील, एवढं धरून चालावं.

एक खरा जाणकार

इतक्या पंडितांच्या गर्दीत एकाची ओळख करून दिली नाही तर पाप लागेल. १८९३-९४मध्ये सरकारने हिंदुस्थानातल्या भांग-गांजा-चरसाची चौकशी करायला आयोग नेमला. हजाराहून जास्त साक्षी झाल्या, सात खंडांचा अहवाल झाला, आणि निष्कर्ष असा की माफक सेवनाने फारसं नुकसान दिसत नाही. अहवालातला सर्वांत वाचनीय भाग आहे बंगालमधल्या नौगावचा, जो आता बांगलादेशात आहे. तिथल्या गांजाच्या शेतांत ‘पोद्दार’ नावाचा माणूस फिरत असे. इंग्रज त्याला गांजाचा डॉक्टर म्हणत. काम एकच, नर झाडं ओळखून ती काढवणं. एक नर राहिला तरी परागकण सुटतात, माद्या बी धरतात आणि गांजाचा दर्जा जातो. नर-मादीतला फरक फुलं उमलल्यावर कुणालाही दिसतो, पोद्दाराला तो आधीच ओळखावा लागे. ओळीने चालायचं, झाड निरखायचं, निवाडा द्यायचा. शेतकऱ्याची वर्षाची कमाई त्या निवाड्यावर.

पुढचं कामही अंगमेहनतीचंच. कापलेली झाडं पसरायची, पायांनी तुडवून कणसं दाबायची, त्याचा चपटा गांजा. लहान कणसं वळून गोल गांजा. जे चुरगळून उरलं तो चूर. सगळा माल सरकारी वखारीत, सगळा वजनावर. १९१७मध्ये या शेतकऱ्यांनी आपली सहकारी सोसायटीही काढली. सहकाराची गंगा प्रवरेच्या काठी उगम पावली असं मानणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता सत्तरच्या दशकात या. कॅलिफोर्नियात बिनबियांचा गांजा बाजारात आला, ‘सिन्सेमिया’ हे स्पॅनिश नाव घेऊन, आणि नव्या युगाची सुरुवात म्हणून गाजला. नर काढायचे, मादीला बी धरू द्यायचं नाही. पोद्दार अनवाणी पायाने जे करत होता तेच. त्याच्या नावाचं एकही वाण नाही. बैठकीत त्याचा विषय काढलात तर लोक विचारतील, “हा इन्स्टाग्रामवर आहे का?”

चौकीतला धडा

हा धडा सहसा बैठक रंगल्यावर सुरू होतो. दारावर थाप पडते. अशा वेळी कुळकथा सांगू नका. कायद्याला गोत्र कळत नाही, वजन कळतं. एक किलोपर्यंत ती ‘अल्प मात्रा’ आणि शिक्षा एक वर्षापर्यंत. वीस किलोच्या वर ती ‘व्यापारी मात्रा’ आणि शिक्षा दहा ते वीस वर्षं. हेझ असो, आंध्र-ओडिशा सीमेवरच्या डोंगरांतली ‘शीलावती’ असो, काटा एकच. लँडरेस म्हणून सूट नाही, संकरित म्हणून वाढ नाही.

गंमत अशी, की झाडाच्या अवयवांची खरी काटेकोर चर्चा शेवटी इथेच होते. कायद्याने गांजा म्हणजे फुलं किंवा फळं धरलेले शेंडे. शेंड्यांबरोबर नसतील तर बिया आणि पानं त्यात येत नाहीत. होळीची भांग या फटीतूनच आपल्यापर्यंत पोचते. मग जामिनाच्या अर्जावर वकील उभे राहतात आणि विचारतात, पंचनाम्यात देठ, पानं, काड्या वेगळ्या काढून वजन केलं होतं का? शेंडे किती, पाला किती? सरकारी वकील फाईल उलटतात. ज्या आरोपीने गच्चीवर तासभर सॅटिव्हाच्या पानाचं वर्णन ऐकवलं होतं, त्याचं सगळं लक्ष आता पाल्याच्या वजनाकडे लागलेलं असतं. पाला जितका जास्त भरेल तितकं बरं. वकिलांची फी तारखेवर असते. टक्केवारी ते विचारत नाहीत.